नातीचा हात वाढला

सोमवार, ४

माझा चष्मा पुन्हा म्हाताऱ्याच्या नाकावर! स्वतःचा फोडायचा आणि माझा लावून नातीवर खेकसायचं. पोर एवढंच म्हणाली — आजोबा, तुम्ही केलेलं माझं धनुष्य अजून थोडं ओढता येईल असं करून द्या ना. वर्षभरात ताडासारखी वाढलीय. दोरी कानापर्यंत यायला हवी, ही हनुवटीशीच थांबते. त्याहून जास्त ओढलं नि मोडलं तर तुकडा थेट तोंडावर. रविवारी तिरंदाजीच्या संघाची निवड. अशीच कोपर दुमडून उभी राहिली तर बाण निम्म्यात आपटणार.

म्हातारा म्हणतो, "हात वाढला की धनुष्य धाकट्या बहिणीला. घरची रीत आहे." रीत! यानंच घातलेली.

मंगळवार, ५

नात जेवली नाही. सून म्हणे, "सासूबाई, तुम्हीच सांगा त्यांना." सांगितलं. भिंतीला सांगितलं असतं तर पोपडा तरी पडला असता.

बुधवार, ६

मीच करणार. त्याच्या धनुष्यांचा वाक जन्मभर बघितला कुणी? तो दोरी ओढायचा, मी लांब उभी राहून ओरडायची — वर जास्त वाकतंय, खाली ताठ आहे! नाव मात्र त्याचं.

गुरुवार, ७

खाचांच्या फळीवर धनुष्य चढवलं. दोरी एक खाच खाली ओढायची, वाक बघायचा, उतरवायचं, पोटाकडून, म्हणजे दोरीकडच्या अंगानं, काचेनं खरवडायचं. पापुद्रा निघाला पाहिजे, ढलपी नाही. मग पुढची खाच. लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही.

खालची बाजू हटून बसलीय. म्हाताऱ्यावर गेलीय.

"आजी, कुरकुरलं!"

"तुझी चप्पल ती. ओढ."

म्हातारा दारात आला. वाटलं, आता भडकणार. घामानं थबथबला होता. म्हणाला, "नको गं." इतक्या मऊ आवाजात कधी बोलतो हा?

"का नको, ते सांगा."

निघून गेला.

शुक्रवार, ८

शेवटची खाच झाली! दोन्ही बाजू बादलीच्या कडीसारख्या एकसमान वाकल्या. जोर थोडा उतरला, खरवडल्यावर उतरणारच. सकाळी मैदानात नेऊ.

शनिवार, ९

मोडलं. दोन बाण सरळ गेले, तिसऱ्याला दोरी कानाशी आणली आणि फाडकन! पोरीच्या भुवईवर टाके. डोळा वाचला.

तुकडे बघितले. वर नाही, खाली नाही — मुठीत तुटलंय, जिथं मी काच लावलीच नव्हती. मुठीचं चामडं सोडलं. आत जुनी चीर, सरस भरून बुजवलेली. हात त्याचाच. माहीत होतं त्याला! आणि हेच धाकटीच्या हातात द्यायला निघाला होता!

सून विचारतेय, कसं मोडलं. मी बोलणार नाही. पोरीला कुणी काही विचारायचं नाही. तो बाहेर पायरीवर बसलाय. त्यानं आत यायचं, पोरीसमोर उभं राहायचं, आणि त्यानंच सांगायचं.