स्प्रिंग नको

३ जून
आज सकाळी तिने माझ्या हातातून माऊस काढून घेतला, आणि त्या क्षणापासून सगळं बदललं. तिच्या करंगळीचं नख माझ्या अंगठ्याला लागलं. मुद्दामच. नाहीतर माऊस मागून घेता आला असता की.

मामाच्या कारखान्यात मी खरं तर तोंड वाकडं करूनच आलो होतो. कॉलेज सोडलं (मी सोडलं, त्यांनी काढलं नाही; सरांनी माझं ड्रॉइंग फाडलं, मी त्यांचं हजेरीपत्रक, फिट्टंफाट). मग आईने भावाला फोन लावला आणि डिझाईनच्या खोलीत मला दुसऱ्या खुर्चीवर बसवण्यात आलं. पहिल्या खुर्चीवर ती.

साबणाच्या खोक्याचं झाकण मिटवणारं मशीन बनतंय. त्यातला कॅम माझ्याकडे. कॅम म्हणजे एका बाजूला नाक आलेली चकती. ती फिरते, नाक आडव्या दांड्याला ढकलतं, दांडा झाकण मिटवतो. त्या दांड्याला म्हणतात फॉलोअर. तिने हा शब्द उच्चारला तेव्हा मी लाजलो.

संकल्प: रागवायचं नाही. मशीनची ट्रायल झाली की तिला सांगून टाकायचं.

५ जून
ती शिकवत होती. स्क्रीनवर कॅमला फिरता जॉइंट द्यायचा, फॉलोअरला सरकता जॉइंट, आणि दोघांच्या मध्ये कॉन्टॅक्ट. कॉन्टॅक्ट लावला नाही तर दोन वस्तू एकमेकींना लागतायत हे सॉफ्टवेअरला कळतच नाही. एक दुसरीच्या आरपार निघून जाते, भुतासारखी.

हे सांगताना ती दोनदा माझ्याकडे बघून हसली. गालाला शाई लागली होती हे घरी आरशात कळलं. तरी एक हसू शाईचं धरलं, तर एक उरतंच.

९ जून
स्प्रिंगवाला आला. दर सोमवारी येतो, सॅम्पलची डबी घेऊन. तिच्या टेबलावर स्प्रिंगा मांडतो, ती एकेक दाबून बघते. एवढ्याशा वस्तूला पाऊण तास! वर आमचाच चहा पितो. दात फार आहेत त्याला.

त्याच्यादेखत ती मला म्हणाली, "कॅम फक्त ढकलतो रे. परत आणणं त्याच्या हातात नाही. त्याला स्प्रिंगच लागते." स्प्रिंगवाल्याने अशी मान डोलावली, जशी काही स्प्रिंग त्याच्या आजोबांनी शोधून काढली.

मला पटलेलं नाही. मनापासून ढकललेला आपणहून परत येतो.

११ जून
कॉन्टॅक्ट लावला की कम्प्यूटर धापा टाकतो. क्षणाक्षणाला कोण कुणाला कुठे लागलं याचा हिशोब करत बसतो, आणि मध्येच मान टाकतो. चार वेळा टाकली. माऊस आपटला. (न रागवणं उद्यापासून.)

मग डोकं चाललं. कॉन्टॅक्ट बंद. त्याऐवजी दोन्ही जॉइंट एकमेकांना बांधूनच टाकले. कॅम इतका फिरला की फॉलोअर इतका पुढे, पुन्हा इतका मागे. आपण सांगू तसं. आणि काय चाललंय म्हणून सांगू, लोण्यासारखं! स्प्रिंगची गरजच उरली नाही. डिलीट केली. मागवायच्या सामानातूनही काढली. काढताना ते दात डोळ्यांपुढे होते.

१२ जून
तिला चालवून दाखवलं. कॉन्टॅक्ट लावलायस ना, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. अगदीच खोटं नाही, आमच्या खुर्च्या एकमेकींना टेकलेल्या होत्या. तेवढ्यात तिचा फोन वाजला, ती हसत बाहेर गेली. आईचा असणार. मुली आईशी फार बोलतात.

माझ्या आईने आज पुन्हा कॉलेजचं काढलं. जेवता जेवता उठलो. न रागवणं सोमवारपासून.

१६ जून
स्प्रिंगवाल्याला मी गोड आवाजात सांगितलं, आमच्या मशीनला तुमची गरज नाही. तो बरं म्हणाला. तरी बसला. गरज नाही म्हटल्यावरही बसतो, याला काय म्हणावं?

संध्याकाळी ती त्याच्या गाडीवरून गेली. रस्ता एकच असेल. पेट्रोल वाचतं. तिचा हा काटकसरी स्वभाव मला आवडतो.

२० जून
ट्रायल. इस्त्रीचा शर्ट. वाक्य पाठ.

मोटर सुरू झाली. कॅमने ढकललं, दांडा पुढे गेला, पहिलं झाकण फर्स्टक्लास मिटलं. मामाचा हात माझ्या पाठीपर्यंत आला. आणि दांडा तिथेच राहिला. मागे येईचना. पुढचं खोकं त्याच्यावर आपटलं, त्याच्यावर त्याच्या पुढचं. साबण खाली.

"भाचेबुवा," मामा म्हणाला, "हे गेलेले परत कधी यायचे?"

सगळे हसले. फिटिंग चुकलंय असं मी ओरडलो, एका खोक्याला लाथ मारली आणि वर पळालो.

ती मागोमाग आली. माझं मॉडेल उघडून बघत बसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"अरे, तू कॉन्टॅक्ट लावलाच नव्हतास," ती म्हणाली. "नुसतं बांधून ठेवलं होतंस."

वाक्य ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, काळजी करू नको, तो येतोय स्प्रिंग घेऊन. नाव नाही, आडनाव नाही, नुसतं 'तो'. मग तिनेच सांगितलं. तीन वर्षांपासून ठरलंय, पुढच्या महिन्यात लग्न, महिनाअखेर ती नोकरी सोडतेय. खालच्या वॉचमनलासुद्धा माहीत आहे. तुला माहीत नव्हतं?

म्हटलं, होतं की.

३० जून
तिचा शेवटचा दिवस. मशीन चालतंय. स्प्रिंग चांगली आहे. हे लिहायला जड गेलं, पण आहे चांगली.

जाताना ती म्हणाली, माझी खुर्ची तू घे, तुझ्या खुर्चीचं चाक मोडलंय. आता दोन्ही खुर्च्या माझ्या.

सगळे तिला निरोप द्यायला खाली गेले. मी जुनं मॉडेल उघडलं. बांधलेलं सोडलं, कॉन्टॅक्ट लावला. स्प्रिंग नाही. कम्प्यूटरने धापा टाकल्या, पण या वेळी मान टाकली नाही. कॅमने एकदा ढकललं. फॉलोअर गेला, आणि थांबला तिथेच. कॅम आपला फिरतोय. दर फेरीला नाक त्याला जेमतेम लागतं आणि पुढे जातं. कॅमचा काय दोष? तो सगळ्यांनाच तसा लागतो.

खाली स्प्रिंगवाल्याची गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. खिडकीपाशी गेलो नाही.

उद्यापासून काय, ते सुचत नाहीये.

(जिन्यात बसून.) कम्प्यूटर बंद केला. दोन्ही खुर्च्या टेबलाखाली सरकवल्या, मोडकीसुद्धा. त्या खोलीच्या दाराला वर स्प्रिंग आहे, सोडलं की ते आपलं आपण लागतं. मी बाहेर आलो आणि हाताने ओढून लावलं.