कोट लग्नाला का पोचला नाही

प्रिय ताई,

धाकट्या भावाचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार (मनातल्या मनात, आज सकाळी तुझ्याकडून निघताना प्रत्यक्ष करायला गेलो तेव्हा तू पाय मागे घेतलेस). दाजींचा गुडघा लग्नाच्या धावपळीत फार दुखावला नसेल अशी आशा करतो. आमच्या तब्येती ठीक. मनाचं विचारू नकोस. लग्न झाल्यापासून तू माझ्याशी भिंतीकडे बघून बोलते आहेस. ‘ज्यांना चहा हवा असेल त्यांनी घ्यावा’ हे कुणाला उद्देशून होतं ते भिंतीलाही कळलं असेल. परतीच्या विमानाला वेळ आहे, तेव्हा मी शिवलेला नवऱ्या मुलाचा कोट लग्नाला का पोचला नाही, हे एकदा माझ्याकडून नीट ऐक. दोष माझा नाही. दोष विमानाच्या रांगेचा आहे.

हिने तुला काय काय सांगितलंय ते मला ठाऊक आहे. खरं असं झालं, की आम्ही विमानतळावर वेळेत पोचलो आणि खुर्च्यांवर बसलो. दाराशी टेबल होतं, टेबलापाशी कुणी नव्हतं. दार बंद होतं, आणि काचेतून पाहिलं तर दारापलीकडे विमानसुद्धा नव्हतं. एवढ्यात समोरचे एक गृहस्थ पँट वर ओढायला उठले. झालं. ते उठले म्हणून शेजारचा उठला, तो उठला म्हणून मागची बाई उठली, आणि बघता बघता पार पाण्याच्या नळापर्यंत रांग. ते गृहस्थ पँट सारखी करून बसायला वळले, तर मागे माणसंच माणसं. बिचारे नाइलाजाने पहिला नंबर लावून उभे राहिले.

आता मला सांग, प्रत्येकाच्या तिकिटावर खुर्चीचा नंबर छापलेला असतो. तुमची खुर्ची दुसरा कुणी पळवत नाही, आणि आधी बसलात म्हणून विमान तुम्हाला आधी पोचवत नाही. मग पाय का मोडून घ्यायचे? मी उठून दोघातिघांना विचारलंदेखील. बँकेतला वाटावा अशा एकाने सांगितलं, उशीर केला तर वर सामान ठेवायला जागा उरत नाही (याचं सामान म्हणजे एक छत्री). एक आजी म्हणाल्या, एवढे लोक उभे आहेत म्हणजे काहीतरी कारण असणारच. एका तरुणाला बसून कंटाळा आला होता. आणि आपली ही? ही केव्हाच आजींच्या मागे जाऊन उभी, तिथून मला हातवारे चाललेले. मी मान फिरवली. माणसाला काही तत्त्व असावं की नाही? कोट मांडीवर आडवा घेऊन मी बसून राहिलो. कोट तरी माझ्याकडे द्यायचा होता, असं ही म्हणते. ज्याची कॉलर मी तीनदा उसवून परत बसवली, तो कोट मी धक्काबुक्कीत कशाला देऊ?

सगळे गेल्यावर मी सावकाश उठलो. दारातल्या मुलीने विचारलं, “काका, झोप लागली होती का?” मी कोट सांभाळत पुढे झालो. आत जाऊन बघतो तर वरचे कप्पे गच्च. हिने कोटापुरती जागा धरली होती म्हणे, पण तिथे कुणीतरी टीव्ही मावेल एवढा खोका कोंबलेला. हवाईसुंदरीला म्हटलं, मांडीवर धरतो. चालत नाही म्हणाली. म्हटलं, अंगात घालतो. घातलाही. तुझा मुलगा माझ्यापेक्षा हातभर उंच. बाह्या लोंबायला लागल्या आणि मला खुर्चीचा पट्टा सापडेना. सगळं विमान हसलं (इतका वेळ उभं राहून दमलेली माणसं, पण हसायला दम होता). शेवटी तिने गोड बोलून कोट माझ्या अंगातून काढला, चिठ्ठी लावली आणि खाली सामानात पाठवला.

उतरल्यावर सगळ्यांचं सामान आलं, कोट आला नाही. तिथल्या कारकुनाने फोन फिरवून सांगितलं की कोट चुकून दुसऱ्याच विमानात चढलाय, उद्या संध्याकाळी मिळेल. लग्न उद्या सकाळी. नवरा मुलगा कोटाशिवाय उभा कसा राहील, असं मी विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “माझ्या लग्नात मी स्वेटर घातला होता.”

पँट मात्र हिच्या बॅगेत होती, ती सुखरूप पोचली. त्या रंगाचा कोट दुकानं पालथी घालूनही मिळेना, तेव्हा माझाच त्याला द्यावा लागला, कारण तो त्याच कापडाचा होता. (उरलेल्या कापडात माझा अख्खा कोट कसा बसला, हे तू चारचौघांत विचारायला नको होतंस. दाजींनी कापडच सढळ हाताने घेतलं होतं.) बाह्या कोपरापासून जेमतेम वीतभर, पोटापाशी आणखी एक नवरा मावेल एवढी जागा. फोटोवाल्याने त्याला प्रत्येक फोटोत हात मागे बांधून उभं केलं. सुनेची मावशी विचारत होती, मुलाचा शाळेतला कोट आहे का. तुझे डोळे भरले ते मी पाहिलं, ताई. मलाही त्या दिवशी घास उतरला नाही.

खरा कोट आला तो तू न उघडता कपाटात टाकलास. एकदा उघड. डावीकडचा आतला खिसा बघ. आई आपल्या दोघांवर मिळून जी शाल घालायची, तिचा तुकडा त्याला लावलाय. लग्नाच्या सकाळी तुला दाखवायचा होता.

तुझा,
तत्त्व न सोडणारा भाऊ

ता. क. तत्त्व सोडलं. आज परतीच्या वेळी मी सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या पुढे उभा राहिलो. मागे ही भलीमोठी रांग. दार उघडल्यावर कळलं की ती दुसऱ्याच विमानाची रांग होती. आमचं विमान शेजारच्या दारातून गेलं. ही त्यात बसून गेली. तिने मला पुष्कळ हाका मारल्या म्हणे, पण मी जागा सोडायला तयार नव्हतो.

आणखी एक. पैशाचं पाकीट तिच्याकडे आहे आणि पुढचं विमान उद्या. म्हणून पत्र पोस्टात न टाकता तुझ्या दाराखालून आत सरकवतो आहे. बेल वाजवायचा धीर होत नाही. जेवायला बसाल तेव्हा एक ताट जास्त घे आणि हाक मार. सावकाश मार, इथे मी एकटाच आहे, मागे कुणी नाही.