येत्या रविवारी हेल्मेट

१८ जानेवारी, रविवार
एअरबॅग जॅकेट आलं! पालघरजवळच्या आमच्या माहीम गावात पहिलंच असणार. मी तारापूर एमआयडीसीत सेफ्टी सुपरवायझर. मीच साध्या शर्टात बाईक चालवायची म्हणजे शोभत नाही. तत्त्व सोपं आहे. जॅकेटची दोरी सीटच्या डाव्या बाजूच्या पट्ट्यात हुकने अडकवायची. माणूस गाडीवरून फेकला गेला की दोरीला झटका, आतली गॅसची नळकांडी फुटते, जॅकेट फुगतं. मान, पाठ, छाती, सगळं शाबूत. उतरताना हुक काढायला विसरायचं नाही, एवढंच. विसरतंय कोण!
हेमांगीने विचारलं, आणि मागे बसणाऱ्या बायकोचं काय? प्रश्न रास्त आहे. रोज सकाळी तिला कोळगावला तिच्या ऑफिसात सोडून मी पुढे बोईसरला जातो. तिला साधं हेल्मेटसुद्धा नाही. म्हटलं, येत्या रविवारी नक्की. शिवाय तू माझ्या मागे, म्हणजे आधी मी आपटणार. ती आत निघून गेली. पटलं असावं.

२५ जानेवारी, रविवार
हेल्मेट राहिलं. गावात क्रिकेटची फायनल आणि अंपायर मी. ऐनवेळी गावाने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? शिवाय हेमांगीचा अंबाडा मोठा. अंबाड्यावर हेल्मेट बसतं का, याचा आधी अभ्यास पाहिजे.
ती म्हणाली, वेणी घालेन. तरी अभ्यास हवाच.

२९ जानेवारी, गुरुवार
पालघरच्या नाक्यावर पोलीस. मागच्यालाही हेल्मेट कंपल्सरी. हेमांगीला मी नाक्याच्या अलीकडेच उतरवलं. तिने चालत नाका ओलांडायचा, पलीकडे परत बसायचं. हवालदाराने माझं जॅकेट चाचपून पाहिलं, म्हणे असे जागरूक नागरिक पाहिजेत. छाती फुगली (जॅकेटशिवाय). तेवढ्यात हेमांगी शेजारून गेली. घामाघूम, हातात दोघांचे डबे. आमच्याकडे बघितलंही नाही.
दुपारी जेवण गेलं नाही. रविवारी हेल्मेट. शब्द म्हणजे शब्द.

१ फेब्रुवारी, रविवार
खरंच निघालो होतो. दोघंही. आईशपथ.
वाटेत मैनाबाईच्या पाटीत ताजी कोलंबी दिसली. हेमांगी उतरली, पाठोपाठ मी टुणकन उडी मारली. हुक तसाच. फाट्! कमरेपासून कानापर्यंत फुगलो. मान वळेना, हात खाली येईनात. मैनाबाई म्हणाली, आमी मासं इकतो, गिऱ्हाईक फुगवत नाय. अख्खा बाजार हसला. हेमांगीही हसली, पण दोरी तिनेच सोडवली आणि मला आडोशाला नेऊन उभं केलं.
अशा अवतारात दुकानात कसं जाणार? परत घरी. नवीन नळकांडी लगेच मागवली. हेल्मेट पुढच्या रविवारी.

३ फेब्रुवारी, मंगळवार
आमच्या डिपार्टमेंटचा दर्पण रविवारी कोलंबी घ्यायला माहीमलाच आला होता. व्हिडिओ ग्रुपवर. गेटवरचा वॉचमनसुद्धा मला फुगेवाले साहेब म्हणतो. आज ट्रेनिंगमध्ये 'प्रेशर' शब्द उच्चारला तरी पोरं खिदळत होती. नालायक.

९ फेब्रुवारी, सोमवार
नवीन नळकांडी बसवली. निर्णय: जॅकेट घालायचं, हुक लावायचा नाही. दोरी कमरेला लोंबते, बघणाऱ्याला काय कळतंय? हेमांगी म्हणाली, मग घालता कशाला? समजावलं की जॅकेट अंगात असलं की मन आपोआप सावध राहतं. सायकॉलॉजी आहे.
(हेल्मेट: काल दुकान बंद असेल असं वाटलं. गेलो नाही.)

१६ फेब्रुवारी, सोमवार
चार मार्चला सेफ्टी डे. कंपनीत भाषण माझं! विषय: सुरक्षेची सुरुवात घरापासून. विषय मीच सुचवला आणि मग हेल्मेट आठवलं. पण वेळ कमी आहे. आधी भाषण, मग हेल्मेट. रोज गाडीवर हेमांगीला म्हणून दाखवतो. ती ऐकते. पाठ होत आलंय, तिलाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार
पडलो. दोघंही.
वळणावर मासळीच्या टेम्पोतून गळलेलं पाणी होतं. ते तिथे रोजच असतं, मला माहीत आहे. पण भाषणातलं 'आपली माणसं हीच आपली दौलत' हे वाक्य जमलं का, ते विचारायला मी मान मागे वळवली होती. गाडी सरकली. फाट्! जॅकेट फुगलं. मला ओरखडासुद्धा नाही. हेमांगीच्या कपाळाला टाके, डावा हात प्लॅस्टरमध्ये. दोनदा उलटी झाली. डोक्याचा स्कॅन करायचाय.
डॉक्टरांनी विचारलं, यांचं हेल्मेट कुठाय? मी म्हटलं, रविवारी.
जॅकेट अजून फुगलेलंच होतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
स्कॅन नॉर्मल. देवा, तुझे उपकार. घरी आणलं. वेणी घालून देतो म्हटलं, जमली नाही.
एक प्रश्न मात्र छळतोय. हुक लावला नव्हता, मग जॅकेट फुगलं कसं? विचारांती उत्तर: आतमध्ये सेन्सर असणार. ॲडव्हान्स मॉडेल. संकट ओळखतं. हे भाषणात घालायलाच पाहिजे.

४ मार्च, बुधवार
भाषण झालं. कपाळाचे टाके सांगितले, हेल्मेटचं नाही सांगितलं. सेन्सरवर टाळ्या पडल्या. दर्पण म्हणाला, या मॉडेलला सेन्सर नसतो, दोरी ओढल्याशिवाय फुगूच शकत नाही. जळतो मेला. मला 'सुरक्षादूत' म्हणून शाल दिली.
घरी आल्यावर शाल हेमांगीच्या अंगावर घातली. ती चाचरत म्हणाली, एक विचारू? डोक्याला लागल्यापासून त्या सकाळचं धड काही आठवत नाही. त्या दिवशी मी हुक लावला होता ना?
कुठला हुक?
म्हणाली, रोजचा. बसल्या बसल्या मागून हळूच अडकवायची, कोळगावला उतरायच्या आधी काढून ठेवायची, पुढे गेटवर तुम्ही परत फुगायला नको म्हणून. सांगितलं असतं तर तुम्ही लावू दिला नसता. त्या दिवशी घाई होती, राहिला की काय, तुम्हाला आतून कुठे मार तर नाही ना लागला, हेच सारखं मनात येतंय.
मी म्हटलं, लावला होतास.
ती म्हणाली, सुटले बाई. आणि कूस बदलून झोपली.

५ मार्च, गुरुवार
एकटाच निघालो. पालघरला हेल्मेटचं दुकान उघडं होतं. रोजच्या रस्त्यावर आहे, रोज उघडंच असतं. आत गेलो. दुकानदाराने विचारलं, बाईंच्या डोक्याचं माप काय?
मला माहीत नव्हतं.