बी खोल गेलं

नवीन जालना,
मे १९९८

प्रिय बेबी,

आईचा निरोप पोचला. मुलगा माझ्याच ऑफिसात आहे, मी एकदा हो म्हटलं की रविवारी पाहण्याच्या कार्यक्रमातच सुपारी फोडून टाकू, असं आबा म्हणताहेत. त्याची मोटारसायकल आहे, नोकरी पक्की आहे आणि फोटो पाहून तूही लाजलीस, हेही आईने कळवलं. लाजून घे बाई, फोटोत तो चांगलाच दिसतो. पण हा मच्छिंद्र कसा आहे हे सांगायचं तर आधी आमचं ऑफिस सांगावं लागेल. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणतात. याला तर वाणही लागला आहे.

गेल्या दिवाळीनंतर मी या बियाण्याच्या कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा वाटलं होतं, चला, आपल्याच लोकांचं काम आहे. पहिल्याच सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून ‘आम्ही एक परिवार’ हे गाणं म्हणायला लावलं. गाणं मालकांनी, म्हणजे अण्णासाहेबांनी, स्वतः रचलंय. चाल आरतीची आणि अक्कल बेताची. मी नुसते ओठ हलवते. मग पुण्याहून कोट घातलेला एक माणूस आला, दोन दिवस जेवला आणि आमची मूल्यं कोणती ते आम्हाला सांगून गेला. त्यातलं पहिलं मूल्य निळ्या रंगात दारावर रंगवलंय: ‘शेतकरी आमचे दैवत’. त्याच पाटीखाली एक बाकडं आहे. बी उगवलं नाही म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या दैवताला तिथे उन्हात बसवून ठेवतात. निम्मी दैवतं कंटाळून जेवणाच्या सुट्टीआधीच परत जातात आणि तेच हवं असतं.

जे टिकून बसतात, त्यांच्यासाठी परिवाराचं एकच उत्तर आहे. बी खोल गेलं. आमचं बी चांगलं होतं, टोबताना तुमच्या हातून मातीत खोल गेलं. हे इतकं अंगवळणी पडलंय की चहात साखर कमी पडली तरी शिपाई म्हणतो, “बी खोल गेलं, मॅडम,” आणि सगळे खिदळतात. खोटं बोलायची लाज वाटू नये म्हणून माणसं त्याचा विनोद करून घेतात, एवढं मला या नोकरीने शिकवलं.

तपासणीच्या खोलीत रामकिसन नावाचा एक सरळ माणूस होता. त्याने एका शेतकऱ्याला सांगून टाकलं, “माल आमचाच खराब हाय काका, बदलून मागा.” त्याला कुणी रागावलं नाही की काढलं नाही. फक्त त्याचं टेबल गोदामाच्या दारात नेऊन ठेवलं आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं. परिवार असाच वाळीत टाकतो. बियाण्याला चोळायच्या पावडरीच्या धुळीत खोकत खोकत तो एक दिवस स्वतःच गेला. निरोपाला अण्णासाहेब म्हणाले, रामकिसनला आपली संस्कृती मानवली नाही. हे मात्र अगदी खरं बोलले.

मच्छिंद्रला ती फार मानवते. गाण्यात पहिला आवाज त्याचा. अण्णासाहेबांना शिंक आली तर रुमाल याच्या खिशातून निघतो. तो दारू पीत नाही, बायकांकडे वाकड्या नजरेने बघत नाही, टापटिपीने राहतो. बेबी, दुष्ट असता तर मला सांगायला सोपं गेलं असतं. तो दुष्ट नाही. त्याच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं काहीच नाही. मालक उद्या रात्रीला दिवस म्हणाले, तर हा उन्हाची टोपी शोधायला लागेल. आणि अशा माणसाच्या घरात जे काही बिघडेल, ते घरातल्या बाईच्या हातून बिघडलेलं असेल.

हे मी रागाने लिहीत नाही. काल सोमवारच्या बैठकीत जे ऐकलं, त्याने माझा राग मागे पडला, आता नुसती किळस उरली आहे. या बैठकीत प्रत्येकाने आपला एखादा पराक्रम सांगायचा असतो. मच्छिंद्रला शाल मिळणार होती, म्हणून त्याने नव्या पोरांना शिकवण्यासाठी जुना किस्सा काढला. दोन वर्षांमागे वडीगोद्रीकडचा एक म्हातारा उपरण्यात न उगवलेली सरकी बांधून आला होता. उन्हात बसून राहिला, हलेचना. मच्छिंद्र म्हणाला, “लॉट आपलाच खराब होता, मला बराबर माहीत होतं. पण म्या इचारलं, बी कोण टोबलं? म्हातारा म्हणला, धाकटी पोरगी, तिचा हात लई हलका हाय साहेब, डावखुरी हाय पण हलका हाय. मंग काय! म्हणलं, बाबा, डाव्या हातानं टोबलेलं कधी उगवतं का? गुमान उठून गेला.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णासाहेबांनी त्याला शाल पांघरली. तो म्हातारा कोण हे त्याला अजूनही माहीत नाही. त्याच्यासाठी तो नुसता एक म्हातारा होता.

त्या साली आबा जालन्याहून परत आले. चौथ्या दिवशी तुला म्हणाले, तुझ्या हाताला गुण नाही. तेव्हापासून आपल्या शेतात सरकी टोबायला दुसऱ्यांच्या पोरी येतात आणि तू बांधावर पाण्याची घागर घेऊन बसतेस. उजव्या हाताने जेवायला शिकलीस, झाडायला शिकलीस. मला वाटायचं, आबांच्या डोक्यात हे कुठून आलं? ते आमच्या ऑफिसातून आलं, आणि ज्याने ते घातलं त्याला आबांनी फोटोत ओळखलेलं दिसत नाही. तिथे जाईपर्यंत आबा तुझीच बाजू घेत होते, एवढं नीट वाचून ठेव. बी मेलेलं होतं, बेबी. तुझा हात चांगला होता आणि आजही आहे. हे पत्र आबांना मोठ्याने वाचून दाखव, आणि या मिरगाला सरकी तूच टोब. लग्नाचं तू ठरव, मी सांगायचं ते सांगितलं. मात्र पाहुण्यांना येऊ नका म्हणून निरोप धाडू नकोस. रविवारी येऊ दे त्याला. आबांना समोर बसव, आणि चहाचा कप त्याच्यापुढे डाव्या हाताने धर.

तुझीच,
कांताक्का