सहाशे डावे हातमोजे

४ मार्च, सोमवार

सहाशे! सहाशेच्या सहाशे डाव्या हाताचे!

दुपारी गठ्ठे बांधायला बसले तेव्हा लक्षात आलं. जोडी लावायला एक उजवा सापडेना. वहिनीने ढीग उपसला, मी टेबलाखाली शिरले — जिकडे तिकडे डावेच. शिवणाऱ्या बायकांना विचारलं तर प्रत्येकीचं एकच उत्तर. उजवे पलीकडची शिवत असेल असं वाटलं म्हणे!

आमच्या शिवणखान्यात कापड मावशी कापते. तीस वर्षं तीच. म्हणजे घोळ कुणाचा ते उघडच होतं. दादाचा पारा चढला. शिवणखाना त्याचा असला तरी मावशीवर तो कधी आवाज चढवत नाही, आज चढवला. तुझं वय झालं, असं सगळ्यांसमोर म्हणाला. मावशीने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि एवढंच बोलली, "आधी विचारायची रीत असते." टाचण्या परत तोंडात. अबोला सुरू.

विचारायचं काय त्यात? आम्हाला डावं-उजवं कळत नाही का?

५ मार्च

माल शनिवारी काचेच्या कारखान्यात पोचायला हवा. तिथली माणसं दिवसभर काचा हाताळतात, म्हणून इतके जाड मोजे. ऑर्डर फोनवर मावशीनेच घेतलेली. तिची चिठ्ठी खिळ्यावर सापडली — 'काचवाले. हातमोजे ६००.' म्हणजे तीनशे जोड. जोड लिहायचंही विसरली बिचारी. आणि ते कापड संपलंय, नवं यायला पंधरा दिवस.

दादा म्हणतो, ऑर्डर हातची गेली तर कापायचं यंत्र आणतो, मावशीने घरी आराम करावा. आराम! तिला आराम म्हणजे जन्मठेप. आई गेल्यावर हिने मला त्याच टेबलाखाली चिंध्यांच्या गादीवर झोपवून वाढवलं. वर कात्री चालायची, खाली मी झोपायचे. मी नाही तिला घरी बसू देणार. फार रडू येतंय, म्हणून इथेच थांबते.

६ मार्च

रडून मोजे उजवे होत नाहीत. गेल्या महिन्यात मी नव्या विचारांचं तीन दिवसांचं शिबिर केलंय — दादा तेव्हा खो खो हसला होता. तिथले सर सांगायचे, अशक्य काही नसतं, प्रश्न उलटा करून बघा. आणि कुठलीच कल्पना मूर्ख नसते.

दुपारपर्यंत या दुसऱ्या वाक्यावरचा माझा विश्वास उडाला.

दादाची कल्पना — डावाच उजव्या हातात घालायचा, सवय होते. घातला. अंगठा मागे वळून बसला. त्याच हाताने ऐटीत चहाचा कप उचलला आणि सगळा चहा शर्टावर. सवय काही झाली नाही.

माझी कल्पना — दोन कामगार शेजारी उभे करायचे, दोघांनीही फक्त डावाच हात वापरायचा. दोन डावे, झाली जोडी! मी आणि वहिनीने कपडे घालून बघायचा मोठा आरसा असा उचलून पाहिला. दोघींचे हात एकाच बाजूला, त्यामुळे दारापर्यंत पोचण्याऐवजी आम्ही गोल गोल फिरत राहिलो. आरसा वाचला. वहिनीच्या पायाचं बोट नाही वाचलं.

मावशी कोपऱ्यात बसून हे बघत होती. एकदा चिठ्ठ्यांच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, चिठ्ठ्या फार साठल्यात म्हणतेय. काढून टाकल्या.

७ मार्च

आणखी अकरा कल्पना. आरसाही गेला.

८ मार्च

झालं! झालं! झालं!

सकाळी मी एक मोजा घालून बसले होते, सर म्हणाले तसं प्रश्नाकडे बघत. प्रश्न काही बोलेना. शेवटी वैतागून मोजा हातातून ओरबाडला आणि भिरकावला. तो आतलं बाहेर होऊन वहिनीच्या पुढ्यात पडला. तिने सहज उचलून घातला — उजव्या हातात. आणि बसला की! अंगठासुद्धा जागच्या जागी! कापड दोन्ही अंगांनी सारखं, शिवण जराशी दिसते, पण काचेला कुठे कळतंय?

प्रश्न उलटा करा म्हणजे अक्षरशः उलटा करा!

मग सगळे कामाला लागलो. तीनशे मोजे, पाच-पाच बोटं — पंधराशे बोटं काठीने ढोसून उलटी केली. शिबिराला हसणारा दादा मुकाट्याने करंगळ्या करत होता. मावशी मात्र तोंडावर हात दाबून लगबगीने बाहेर गेली. खिडकीतून पाहिलं तर भिंतीला टेकून गदागदा हलत होती. नोकरी वाचल्याचा आनंद! मलाही भरून आलं.

९ मार्च

टेम्पो गेला. दादाने मोठ्या मनाने मावशीला माफ केलं, यंत्राचा विषय बंद. मावशीने मान डोलावली. अजूनही बोलत नाही. केलेल्या चुकीचा एवढा तोरा मी कुणात पाहिला नाही.

११ मार्च

काचवाल्यांच्या मुकादमाचा फोन. माल उत्तम, पण निम्मे मोजे उजव्या हाताचे कशाला? त्यांची माणसं उजव्या हातात काच कापायचं हत्यार धरतात, तो हात उघडाच लागतो. मोजा फक्त डाव्याला. बाईंना दोनदा बजावून सांगितलं होतं म्हणे.

दादा मावशीपुढे जाऊन उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल. "मावशी, तू सगळे डावेच का कापलेस?"

मावशीने एकेक टाचणी काढून बशीत ठेवली. "आठ दिवस लागले रे तुला विचारायला."

टेम्पो परत येतोय. पंधराशे बोटं.