डावीकडे वळणारा हात

ता. १४, मंगळवार

प्रिय धाकट्या,

तुझी तब्येत बरी असेल. माझे गुडघे कुरकुरतात, पण मोटर दुरुस्तीचं दुकान चालू आहे. तुझी लेक मजेत आहे. फक्त वेळेवर जेवत नाही, बापावर गेलीय.

तिच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या धर्तीवर कॉम्प्युटर बनवतात, हे तुला ठाऊक आहेच. मी चौथी नापास, म्हणून तिने सोपं करून सांगितलं. "मोठे काका, याला नियम शिकवायचे नाहीत. आपल्या डोक्यात जी वाट रोज तुडवली जाते ती पक्की होते, तसंच याचं." दोन महिने तारांचा हातमोजा चढवून मला दुकानात काम करायला लावलं. हात माझा, शिकणार कॉम्प्युटर.

आज त्याचा लोखंडी हात पहिल्यांदा एकट्याने कामाला लागला. समोर मोटर. तारेला लागणार, इतक्यात तो डावीकडे वळला, कोऱ्या भिंतीपाशी थांबला, परत आला. पुन्हा वळला. प्रत्येक तारेला दोनदा! प्रयोगशाळेतली पोरं हसली, "काका, तुमचा चेला भिंतीला विचारून काम करतो."

मी मात्र ओळखलं. दुकानात डावीकडे विजेचा मेन स्विच आहे. तो बंद आहे ना, हे मी दोन-दोनदा चाचपतो? कुणी विचारलं असतं तर शपथेवर नाही म्हटलं असतं.

तुझी लेक म्हणाली, "बाबांनी तेव्हा असं एकदा जरी बघितलं असतं, तर त्यांचा हात वाचला असता ना?"

पाणी पिऊन येतो म्हणून उठलो, तो थेट घरी आलो.

धाकट्या, तुला शॉक लागला त्या दिवशी तू विचारलं होतंस. "दादा, मेन बंद आहे ना?" मी मान वर न करता "हो" म्हटलं. बघितलंच नव्हतं. तू शुद्धीवर आलास तेव्हा तुला काही आठवत नव्हतं, आणि मी सगळ्यांना सांगितलं, यानेच घाई केली. तीस वर्षं तू ते खरं धरलंस. धंदा सोडलास, लोकांचं ऐकून घेतलंस. मी गप्प.

मला वाटलं होतं, मी विसरलो.

हे पत्र टपालात टाकत नाही. तोंडाने सांगवणार नाही म्हणून लिहिलंय. उद्या स्वतः तुझ्या हातात देईन आणि तू वाचेस्तोवर बाहेर पायरीवर बसेन. मग तुझ्या लेकीला बोलाव. तुझ्यासमोर मीच तिला सांगेन. त्यानंतर दार लावून घेतलंस तरी माझं काही म्हणणं नाही.

शेवटी आशीर्वाद लिहायचा असतो. आज तो द्यायचा हक्क वाटत नाही.

तू अजून म्हणत असशील तर,
तुझा दादा