गव्हाणीवरचा लाडू

निरगुडसर
२० जानेवारी १९९९

तीर्थरूप आप्पांस,
अंजनाचा शि. सा. नमस्कार.

इकडे माणसं, गुरं खुशाल. घरात मात्र अबोला आहे. संक्रांतीला तुम्ही आलात तेव्हा आत्याबाईंनी स्वतः तिळाचा लाडू हातावर ठेवला, तुम्ही हसून घेतलात. दुसऱ्या दिवशी शेण काढताना तोच लाडू त्यांना गव्हाणीच्या काठावर सापडला. तेव्हापासून आत्याबाई माझ्याशी, सुनेशी, बोलत नाहीत. खोडदच्या पावण्यांना आमच्या हातचं चालत नाही, असं शेजारच्या बयाबाईंना सांगतात, तेही मला ऐकू जाईल असं.

आप्पा, मला इथं नांदायचंय. असं का केलंत ते खरं कळवा.

तुमची,
अंजना

खोडद
२६ जानेवारी

चि. सौ. अंजनास आशीर्वाद.

पोरी, चूक माझीच. नारायणगावच्या डॉक्टरनं डाव्या दाढेचं मूळ साफ करून संक्रांतीच्या दोन दिवस आधी तात्पुरती कॅप बसवली. पक्की बसेपर्यंत कडक आणि चिकट बंद. सध्या मऊ खिचडी, मुगाचं वरण, दुधात कुस्करलेली भाकरी, तीही कोमटच. तुझी आई वाटी पुढं करते अन् लई हसते.

तुझ्या लग्नात मी सगळ्यांसमोर दातानं ऊस सोलून दाखवला होता. त्याच घरात लाडू चावत नाही म्हणायची लाज वाटली. खिशात ठेवावा तर शर्ट नवा. बैल खाईल म्हणून गव्हाणीवर ठेवला.

विहीणबाईंना हे पत्रच वाचून दाखव. हसल्या तरी चालेल.

तुझा,
आप्पा

निरगुडसर
३ फेब्रुवारी

सावळाराम पावण्यांस चिमाबाईचा रामराम.

पत्र ऐकलं. दाढेचं आधी बोलला असता तर आमी लापशी टाकली असती. राग आला व्हता, खोटं कशाला बोलू. पण पोरीचा काय दोष, तिच्यावर उगाच काढला.

आता माझं ऐका. पाक पुढं गेला व्हता, लाडू कडकच झाला. बैलानंबी सोडला. मलाबी न्हाई चावला. दोन वर्सं उजव्या दाढेत कळ हाय. सगळ्यांची जेवणं झाली की मागं बसून आमटीत भाकरी भिजवून खाते. घरात कुणाला ठाव नव्हतं. आता अंजनाला झालं, कारण मी सांगतेय अन् तीच लिहितेय.

पक्की कॅप बसवायला जाल तवा मलाबी संगट न्या. एकटीला भ्या वाटतं.

येणं-जाणं आहे तसंच ठेवा.

चिमाबाई

ता. क. आप्पा, आज आत्याबाई मागं थांबल्या नाहीत, माझ्या शेजारी जेवायला बसल्या. त्यांची भाकरी मी कुस्करून दिली. अंजना